गोचीड कुठे जात नाही

गोचिडीला पंख नाहीत. पिसवेसारखी तिला उडी मारता येत नाही. चालायचं म्हटलं तर स्वतःच्या पायांनी तिच्या बहुतेक जाती जन्मभरात फार तर काही मीटर चालत असतील. आणि तरीही माणसाला आजार पोचवणाऱ्या प्राण्यांत डासाच्या खालोखाल नंबर लागतो तो हिचाच. मुळात ती कीटकही नव्हे. मोठ्या गोचिडीचे पाय मोजून पाहा, आठ भरतील. कोळी आणि विंचू यांच्या भावकीतली ही.

रानातली गोचीड काय करते, तर बसून राहते. गवताच्या पात्याच्या टोकाशी चढायचं, मागच्या पायांनी पातं धरायचं, पुढचे दोन पाय हवेत पसरायचे आणि थांबायचं. त्या पुढच्या पायांवर एक बारीकसा खळगा असतो, हॅलरचा अवयव म्हणतात त्याला. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास, हवेतला दमटपणा, हे सगळं ती या खळग्यानं ओळखते. याकोब फॉन युक्सक्यूल या जीवशास्त्रज्ञाला या प्राण्यानं वेड लावलं होतं. एवढं मोठं जंगल, पण गोचिडीच्या जगात त्यातल्या दोनतीनच गोष्टी आहेत असं तो म्हणे: घामातल्या आम्लाचा वास, कातडीची ऊब, केसांचा स्पर्श. बाकीचं जंगल तिच्यासाठी नाहीच. रोस्टॉकच्या संस्थेत अठरा वर्षं उपाशी राहिलेल्या जिवंत गोचिडी आहेत, असंही त्यानं १९३४ मध्ये लिहून ठेवलं. आकडा अतिशयोक्त वाटतो खरा. पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेनं जाहीर केलं की मऊ पाठीच्या एका आफ्रिकी जातीच्या गोचिडी त्यांच्याकडे सत्तावीस वर्षं जगल्या, आणि त्यातली आठ वर्षं रक्ताच्या थेंबावाचून काढली. तेव्हा युक्सक्यूलला हसण्याची घाई नको.

एकदा जनावर सापडलं की खरं कसब सुरू होतं. गोचिडीच्या सोंडेला उलटे काटे असतात, त्यामुळे आत शिरलेली सोंड सहज मागे येत नाही. शिवाय बऱ्याच जाती लाळेतून एक प्रकारचं सिमेंट सोडून स्वतःला तिथे चिकटवून घेतात. लाळेत आणखी काय काय असतं: जागा बधिर करणारी द्रव्यं, रक्त गोठू न देणारी द्रव्यं, आणि यजमानाच्या प्रतिकारशक्तीला गप्प बसवणारी द्रव्यं. म्हणून तर दिवसच्या दिवस ती रक्त पीत राहते आणि अंगाला खाजसुद्धा येत नाही. मादी मूळ वजनाच्या शंभरपट फुगते आणि टच्च भरली की थेट एरंडीच्या बीसारखी दिसते.

पण रक्त म्हणजे बरंचसं पाणी. एवढं पाणी ती ठेवणार कुठे? ती ते लाळेवाटे परत यजमानाच्याच अंगात सोडते. रक्त प्यायचं, आटवायचं, उरलेलं पाणी माघारी टाकायचं, असं चक्र तासन्‌तास चालतं. गोचिडीच्या पोटात किंवा लाळग्रंथीत एखादा जंतू असेल तर त्याला दुसऱ्याच्या शरीरात शिरायला याहून सोयीची वाट कुठली? हा उद्योग जुना आहे. म्यानमारमध्ये सापडलेल्या अंबरच्या एका तुकड्यात पिसाला पाय अडकवून बसलेली गोचीड आहे. वय सुमारे नऊ कोटी नव्वद लाख वर्षं. ते पीस डायनासोरचं.

आता रानातून गोठ्याकडे, नंदुरबार तालुक्यातल्या रनाळे गावाकडे येऊ. नंदुरबार जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सातपुडा आणि तोरणमाळ येतं, पण रनाळ्याचा पट्टा कोरडवाहू, उन्हानं भाजून निघणारा. अशा मुलखात गवताच्या टोकावर बसून राहणारी नाजूक गोचीड वाळून मरेल. इथं चालते ती हायलोमा जातीची. हिला डोळे असतात, आणि हिच्या काही भाऊबंद जाती तर वाट बघत न बसता भक्ष्याच्या दिशेनं चक्क धावत सुटतात. गोठ्याच्या मातीच्या भिंतीतल्या फटी, गव्हाणीखालची सांद, ही हिची घरं. म्हणून जनावराच्या अंगावर औषध मारलं आणि गोठा तसाच सोडला, तर आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

हीच हायलोमा गाईला गोचीड ताप देते. थायलेरिया नावाचा एकपेशीय परजीवी तिच्या लाळेतून गाईच्या रक्तात उतरतो. गावरान गाय बहुधा निभावून नेते, संकरित होल्स्टीन किंवा जर्सी मात्र अंगाला हात लावला की चटका बसावा अशी तापते, गळ्याच्या आणि खांद्याच्या गाठी सुजतात, दूध आटतं, रक्त कमी होत जातं. वेळेवर बुपार्वाक्वोनचं इंजेक्शन मिळालं नाही तर दावणीची दुभती गाय हातची जाते. हे पशुपालकांना माहीत आहे. पण त्या गाईच्या रक्तात जे घडत असतं, ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत थक्क करणारं प्रकरण वाटतं. थायलेरिया पांढऱ्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीला अमर करतो. पेशी कर्करोगाच्या पेशीसारखी बेबंद विभागत सुटते, आणि तिच्या प्रत्येक विभागणीबरोबर आतला परजीवीही वाटला जातो. औषधानं परजीवी मेला की तीच पेशी पुन्हा शहाण्यासारखी वागू लागते. कर्करोगाचं बटण दाबायचं आणि परत बंद करायचं, ही युक्ती एका क्षुद्र जिवाला साधली आहे, म्हणून कर्करोगाचे अभ्यासकही गाईच्या या तापाकडे डोळे लावून असतात.

रक्त पिणारा जीव आजार पोचवतो, हे सिद्ध होण्यातही गाईगुरांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत टेक्साससारख्या दक्षिणेकडच्या भागांतून उत्तरेला हाकत नेलेल्या गुरांच्या वाटेवर तिथली गुरं लाल मूत होऊन मरायची, आणि दक्षिणेची गुरं मात्र ठणठणीत. गुराखी म्हणत होते, हे गोचिडीचं काम. शहाणी माणसं त्यांना हसत होती. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी कुंपणं घालून, गोचिडी वेचून काढून, काही कुंपणांत मुद्दाम टाकून चार वर्षं प्रयोग केले आणि १८९३ मध्ये दाखवून दिलं की गुराख्यांचं बरोबर होतं. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला तो १८९७ मध्ये, म्हणजे यानंतर चार वर्षांनी. शाळेत मुलांना रॉस शिकवतात, स्मिथ कुणी शिकवत नाही.

मग प्रश्न असा की गोचीड जर जगभर आहे, तर तिचे आजार जगभर सारखे का नाहीत? रनाळ्यात गाईंना थायलेरिया, अमेरिकेत माणसांना लाइम, आणि आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गात, माकडताप. असं का?

लाइम हे अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं छोटं गाव. १९७५ मध्ये तिथल्या पॉली मरे नावाच्या बाईंच्या लक्षात आलं की आपल्या घरातच नव्हे, तर आसपासच्या कितीतरी मुलांचे गुडघे सुजताहेत. डॉक्टर म्हणत होते संधिवात. एकाच गल्लीतल्या इतक्या पोरांना संधिवात? येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन स्टीअर यांनी त्यांचं म्हणणं मनावर घेतलं. जंतू सापडला तो विली बर्गडोर्फर यांना गोचिडीच्या पोटात, ८० च्या दशकाच्या सुरुवातीला: मळसूत्रासारखे पीळ असलेले जिवाणू. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे उपचार होतात असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. आणि हे कशामुळे? जंगल तुटल्यामुळे नव्हे, परत आल्यामुळे. एकोणिसाव्या शतकात शेतीसाठी उघडा बोडका केलेला तो मुलूख शेतकरी पश्चिमेला गेल्यावर पुन्हा झाडांनी भरला, पण तुकड्यातुकड्यांनी, मध्ये मध्ये घरं. हरणं वाढली, त्यांना खाणारे लांडगे संपले होते. पांढऱ्या पायांचे उंदीर वाढले. जिवाणू उंदरात मुरतो, गोचिडी हरणावर पोसल्या जातात, आणि माणूस अंगण झाडताना मध्ये सापडतो. भारतात लाइमच्या तुरळक रुग्णांच्या नोंदी आहेत, बंदीपूर-नागरहोळेकडच्या लोकांच्या रक्तात त्याची प्रतिद्रव्यंही सापडली आहेत. पण आपल्याकडची मोठी गोष्ट लाइमची नाही. ती क्यासनूरची, म्हणजे माकडतापाची आहे.

१९५७ चा मार्च. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडत होती आणि लगतच्या गावांत माणसं तापानं. पुण्यात तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होतं, रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं १९५२ मध्ये उभं केलेलं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. बातमी पुण्याला पोचली तेव्हा संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पोटात गोळा आला असणार, कारण माकडं आणि माणसं एकदम मरतात तो आजार जगाला एकच ठाऊक होता: पीतज्वर. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर आशियात कधीच आला नव्हता. तो आला असता तर एडिस डासांनी भरलेल्या आपल्या शहरांचं काय झालं असतं, कल्पना करवत नाही. पण मेलेल्या माकडाच्या रक्तातून जो विषाणू निघाला तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे सख्खे नातेवाईक निघाले सैबेरियात, ओम्स्ककडे, रशियाच्या बर्फाळ जंगलांत. आणि त्यांना वाहून नेतात गोचिडी.

शिमोग्याच्या जंगलातली गोचीड म्हणजे हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा. पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या माद्या गुरांवर आणि मोठ्या रानजनावरांवर पोसतात, मग पालापाचोळ्यात अंडी घालून मरतात. पावसाळा सरताना सहा पायांची पिल्लं निघतात, ती उंदीर, चिचुंद्री, पाखरं यांना धरतात. तिथून डिसेंबर ते मे या काळात आठ पायांच्या बारीक निम्फ तयार होतात, खसखशीच्या दाण्याहून फार मोठ्या नव्हेत, आणि माणसाला चावतात त्या ह्याच. वानर आणि लाल तोंडाचं माकड यांच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो. माकड झाडावरून मरून पडलं की त्याचं अंग गार पडू लागतं, आणि शेकडो गोचिडी, सगळ्या विषाणूनं भरलेल्या, ते सोडून आसपासच्या पाचोळ्यात उतरतात. मेलेलं माकड जिथं पडलं, ते ठिकाण मग पुढचे कितीतरी दिवस धोक्याचं. माणसाला ताप येतो तीन ते आठ दिवसांत: डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, काहींना रक्तस्राव, काहींना आठवडाभरानं दुसरी उलट. रुग्णांपैकी साधारण तीन ते पाच टक्के दगावतात.

पुण्याहून गेलेल्या पथकात होर्हे बोशेल नावाचा एक कोलंबियन डॉक्टर होता. तरुणपणी कोलंबियाच्या जंगलात पीतज्वराचा माग काढताना त्यानं एक गोष्ट पाहिली होती. लाकूडतोडे उंच झाड पाडत, आणि झाड आडवं होताच शेंड्यावर राहणाऱ्या निळ्या डासांचा लोट खाली येऊन माणसांना डसे. झाड तोडलं की वरचा आजार खाली येतो, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस शिमोग्यात आला आणि त्याला तिथंही तेच दिसलं, फक्त पायांखाली. गावं वाढली, भातखाचरं जंगलात घुसली, गुरं चरायला रानात जाऊ लागली. पूर्वी त्या जंगलात मोठ्या गोचिडींना पोसायला रानजनावरं मोजकी होती, आता हजारो गाईम्हशी मिळाल्या. गुरांना स्वतःला हा ताप होत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडी अफाट वाढतात. बोशेलनं १९६९ मध्ये हे सगळं मांडलं. विषाणू बहुधा त्या जंगलात केव्हापासून गपगुमान राहत होता, त्याला माणसानं गुरांच्या पावलांनी उठवलं.

कनेटिकटात जंगल परत आलं म्हणून, शिमोग्यात तुटलं म्हणून. दिसायला उलटं, पण दोन्हीकडे झालं एकच. जंगल आणि वस्ती यांची कड लांबली. गोचीड त्या कडेवर जगते. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळतंगडी तालुक्यात राखीव जंगल काजूच्या लागवडीसाठी साफ केलं गेलं, तेव्हा तिथे मोठी साथ उसळली. काजू हा शब्द ध्यानात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

पन्नासेक वर्षं हा आजार शिमोगा आणि शेजारच्या चारपाच जिल्ह्यांतच घुटमळला. मग २०१२ मध्ये दूर दक्षिणेला बंदीपूरजवळ मेलेली माकडं जाळणारे वनकर्मचारी आजारी पडले. पाठोपाठ निलगिरी, केरळातलं वायनाड. आणि उत्तरेला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं पाली गाव. तिथं आजारी पडलेली बरीच माणसं काजूच्या बागांत राबणारी होती. २०१६ च्या जानेवारीत ताप महाराष्ट्रात उतरला: सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पहिल्याच हंगामात शंभराहून अधिक लोकांना लागण झाली. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात. कर्नाटकातून रानटी हत्तीही याच दोडामार्गात आले होते. जंगलं जिथे अजून एकमेकांना लागून आहेत तिथून जनावरं येतात, आणि जनावरांबरोबर त्यांच्या अंगावरचं गाठोडं.

आता काजू. कोकणात काजूची बी गोळा करायचा हंगाम फेब्रुवारी ते मे. बोंडू पिकून खाली पडतो, आणि माणसं, त्यात बायका आणि पोरं बरीच, वाकून पाचोळ्यातून बी वेचतात. पातेरा गोळा करून भाजावळ करायचे दिवसही हेच. उघडे पाय, उघडे हात, सुकलेला पाला, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पाल्यात वाट बघणाऱ्या निम्फ. कॅलेंडर लावून जुळवलं असतं तरी इतकं नेमकं जुळलं नसतं. काजूनं कोकणी माणसाच्या हातात पैसा दिला हे खरंच आहे, बाग सोडून द्या असं कुणी सांगू शकत नाही. आरोग्य खात्यानं दिलं ते अंगाला लावायचं डेपा तेल, संरक्षण संशोधन संस्थेनं शोधलेलं. ते लावून, अंग झाकून बागेत जा, आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा, कपडे उकळा, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा. लस होती. १९९० पासून कर्नाटकात दिली जात होती, पण तिचा गुण उतरत गेला आणि २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. नव्या लशीचं काम चालू आहे.

सैबेरियातल्या विषाणूचा भाऊबंद शिमोग्यात आला कसा, हे कोडं मात्र साठाहून अधिक वर्षं झाली तरी पुरतं सुटलेलं नाही. त्या काळी पहिला संशय गेला पाखरांवर. हिवाळ्यात उत्तरेकडून लाखो पक्षी भारतात उतरतात, त्यांच्या कानाभोवती गोचिडींची पिल्लं चिकटलेली असतात. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशातून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, सालिम अलींच्या नेतृत्वाखाली, १९५९-६० च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांच्या पायात वाळे घालायला सुरुवात केली. पुढे अमेरिकी लष्कराचा पैसा या कामात आल्यावर जैविक युद्धाचा संशय उठला, संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत प्रकरण गेलं. पाखरांनी हा विषाणू आणला याचा पुरावा काही हाती लागला नाही. पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया घातला गेला तो एका माकडाच्या तापापायी.

आणि मग १९९५ मध्ये सौदी अरबस्तानात खाटकांच्या रक्तात एक विषाणू सापडला, अल्खुर्मा. क्यासनूरच्या विषाणूशी इतका जवळचा की शास्त्रज्ञ त्याला त्याचाच एक प्रकार मानतात. पण तो शिमोग्याच्या ओल्या जंगलातला नव्हे, वाळवंटातला. उंट, मेंढ्या आणि मऊ पाठीच्या गोचिडी यांच्यात फिरणारा. काही शतकांपूर्वी दोघांचा पूर्वज एकच होता, एवढं जनुकं सांगतात. मधल्या समुद्रापलीकडे त्याला कुणी नेलं, उंटांनी, पाखरांनी की व्यापाऱ्यांच्या गुरांनी, ते जनुकं सांगत नाहीत.

रनाळ्याला माकडतापाची भीती नाही. तसं दमट जंगल नाही, ती गोचीड नाही. पण तिथल्या गोठ्यात जी हायलोमा राहते, तिच्याच कुळातल्या गोचिडी दुसरा एक आजार वाहतात, काँगो ताप. २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळच्या कोलाट गावातल्या एका रुग्ण स्त्रीमुळे तो भारतात पहिल्यांदा पक्का ओळखला गेला, ओळखला तो पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेनं. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्यात दगावले. नंदुरबार जिल्ह्याला गुजरातची सीमा इतकी लागून आहे की नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं या राज्यात, अर्धं त्या राज्यात. सीमेवरून गुरं, मेंढ्या, बाजार सगळं ये-जा करतं. २०२० मध्ये गुजरातेतल्या रुग्णांमुळे शेजारच्या पालघर जिल्ह्यानं सावधगिरीचा इशारा काढला होता. काँगो तापात जनावराला काहीच होत नाही, गाय रवंथ करत उभी असते, त्यामुळे तिच्याकडे बघून काही कळायचं नाही.

त्या तापाची लागण माणसाला गोचीड चावूनच होते असंही नाही. गाईच्या कानामागची भरलेली गोचीड ओढून अंगठ्याच्या नखावर चिरडायची सवय आपल्याकडे गावोगाव आहे, आणि बोटाला चीर असेल तर तेवढंही पुरतं. तसंच स्वतःच्या अंगावर बसलेल्या गोचिडीला बिडीचा चटका देणं किंवा तिच्यावर रॉकेल ओतणंही धोक्याचं. डिवचलेली गोचीड सोंड सोडायच्या आधी पोटातलं आत ओकू शकते. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरायची, न पिळता सरळ वर ओढायची, जागा साबणानं धुवायची, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावली होती हे आपणहून सांगायचं.